दीड हजारातलं अठरा हजारांचं जॅकेट

मृगाच्या सरी आल्या की कुडाळात बेडूक ओरडायला लागतात आणि मोबाइलवर जॅकेटच्या जाहिराती. 'मूळ किंमत १८,९९९, आज फक्त १,४९९. गोदाम रिकामं करायचंय, उरले ७ नग.' खाली उलटं धावणारं घड्याळ. गेल्या वर्षी त्या घड्याळाला मीही घाबरलो. भाचा हिमाचलला ट्रेकला जाणार होता, म्हणून त्याला एक आणि मला एक अशी दोन जॅकेटं मागवली. छातीवर जगप्रसिद्ध कंपनीचं भरतकाम, बाहीवर 'वॉटरप्रूफ'चा बिल्ला. सराव म्हणून आंबोलीचा घाट चढायला घेतला आणि चाळीस मिनिटांत भाचा थांबला. "मामानु, ह्या घालून मी भायरसून भिजलंय की आतसून, ताच कळाक नाय."

तो गमतीत बोलला, पण प्रश्न अगदी नेमका होता. बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतला घाम बाहेर जावा, एवढ्या एका करामतीचे पैसे अस्सल जॅकेटवाले घेतात. नकली जॅकेट बरोबर तिथेच उघडं पडतं. आणि ही करामत फोटोत दिसत नसल्यामुळे ऑनलाइन फसवणं सोपं जातं.

नकली म्हणजे नेमकं काय?

आपल्याला हे नव्याने सांगायला नको. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीला आणि पुण्याला विकला जातो, ही इथल्या बागायतदारांची जुनी बोंब आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणाने. कर्नाटकचा आंबा विषारी नसतो, कित्येकदा गोडही असतो. फसवणूक असते ती पेटीवरच्या नावात आणि त्या नावापोटी घेतलेल्या पैशात.

जॅकेटच्या बाबतीत स्वस्त जाहिरातीमागे तीन निरनिराळे प्रकार असतात आणि लोक ते एकात एक मिसळतात. पहिला, नकली माल: दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह लावून शिवलेलं जॅकेट. बाजारात याला लाडाने 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. दुसरा, नकली दुकान: वेबसाइट हुबेहूब कंपनीची, पण पार्सलमधून येतो रुमाल, नाहीतर काहीच येत नाही. तिसरा सगळ्यात वाईट: जॅकेट हे नुसतं आमिष, खरा डोळा तुमच्या कार्डाच्या नंबरावर आणि ओटीपीवर. मी पहिल्यात सापडलो, म्हणजे तसा नशीबवानच.

अळवाचं पान, चाळण आणि सुईची भोकं

खरं पावसाळी जॅकेट कसं चालतं हे एकदा कळलं की खोटं ओळखायला बिल्ला वाचावा लागत नाही. त्याला तीन बचाव असतात.

सर्वात बाहेर अळवाचं पान. अळवावर पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा बसतो आणि घरंगळतो, तसं कापडावर व्हावं म्हणून वरून रसायनाचा लेप देतात. तो कायमचा नसतो. धुऊन, घासून, मळून तो उतरतो आणि मग वरचं कापड पाणी पिऊ लागतं.

त्याच्या आत पडदा. या पडद्याला मेम्ब्रेन म्हणतात. यातलं सर्वात गाजलेलं नाव गोअर-टेक्स. अमेरिकेतल्या बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून पाहिलं, तेव्हा त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. कंपनी सांगते की त्यातलं एक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान आणि वाफेच्या कणापेक्षा सुमारे ७०० पट मोठं असतं. चाळणीतून रवा खाली पडतो आणि नारळ वरच राहतो, तसा घाम वाफ होऊन बाहेर पडतो आणि पाऊस बाहेरच अडकतो. बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे असे पडदे आहेत. मधल्या किमतीच्या मालात पडद्याऐवजी पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, लेप देतात. तोही पाणी अडवतो, पण वाफ सोडायला जरा कंजूष असतो.

तिसरा बचाव शिवणीचा, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा. पडदा कितीही भारी घ्या, जॅकेट शिवताना शिलाई मशीनची सुई त्याला हजारो भोकं पाडतेच. छपरावरची कौलं शाबूत असली तरी दोन उतारांच्या जोडावरचा कोनवासा उघडा पडला तर घर गळतंच ना? म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने पट्टी चिकटवतात. याला सीम टेप म्हणतात. हे काम संथ आहे, त्याला वेगळं यंत्र लागतं आणि सरावलेला हात लागतो.

लेबलावर आणखी एक आकडा असतो: १०,००० मिमी, २०,००० मिमी असा. दुकानदार तो वजनासारखा सांगतात, 'साहेब, वीस हजारवालं घ्या.' त्याचा अर्थ साधा आहे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवला तर तो किती उंच होईपर्यंत पाणी पलीकडे झिरपत नाही, एवढंच तो सांगतो. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर, आपल्याकडची भरलेली खोल विहीर. पावसाचा थेंब एवढा जोर काढत नाही, पण सॅकच्या पट्ट्याखाली दबलेल्या खांद्यावर, ओल्या कातळावर बसल्यावर किंवा साठच्या वेगाने स्कूटर हाकताना दाब वाढतो आणि कमी आकड्याचं कापड तिथेच हार मानतं.

नकल करणारा फोटोसाठी शिवतो

माझी दोन्ही जॅकेटं मी ओटीवर उलटी करून पसरली आणि बॅटरी घेऊन बसलो. बाहेरून बघावं तर फिर्याद करायला जागा नाही. रंग बरोबर, चिन्ह जागेवर, चेनला गोंड्यासारखी रबरी ओढणी. आत मात्र खांद्याच्या दोन शिवणींवर तेवढी करडी पट्टी, तीही बुडबुड्यांनी फुगलेली. काखेत पट्टी नाही, टोपीच्या जोडावर नाही, बगलेच्या लांब शिवणीवर नाही. आणि गंमत म्हणजे पाठीमागच्या मधोमध शिवण नसलेल्या जागीच पट्टीसारखी करडी रेघ छापलेली होती! ती बघून मला रागाऐवजी कौतुकच वाटलं. कुणीतरी बसून विचार केला होता की फोटोत आतली बाजू आली तर काय दिसायला हवं.

स्वस्त जाहिरातीचं गणित यातच आहे. चिन्हाचं भरतकाम काही रुपयांत होतं. रंग जुळवणं सोपं. पडदा, शिवणीची पट्टी, टोपीला आतून दिलेला ताठ छज्जा, हात वर केले तरी कंबर उघडी पडणार नाही असा काखेचा काप, हे महाग आणि फोटोत न दिसणारं. जे दिसतं त्यावर खर्च आणि जे दिसत नाही त्याला फाटा.

हंगाम संपताना अस्सल कंपन्याही सूट देतात. तीस, चाळीस, कधी पन्नास टक्के. मागच्या वर्षीचा रंग, उरलेली एखादीच साइज, हे समजू शकतं. पण ऐन जूनमध्ये, सगळ्या साइज, सगळे रंग, नव्वद टक्के सवलत? गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमान्याला कोकणकन्येचं तिकीट अर्ध्या दरात देणारा भेटला तर तुम्ही आधी काय तपासाल?

पैसे देण्याआधी पाच मिनिटं

सर्वात आधी पत्ता वाचा. वेबसाइटचा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखा असतो, महत्त्वाचं गाव शेवटी येतं. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट शॉप' या शेपटीच्या लगेच आधीचा शब्द म्हणजे खरा मालक. त्याच्या आधी कुणीही काहीही लिहू शकतो. कंपनीचं नाव, मग टिंब, मग 'मेगासेल-इंडिया डॉट शॉप' असं असेल तर घर 'मेगासेल-इंडिया'चं आहे, कंपनी तिथे फक्त पाटीवर आहे. भारतातल्या 'डॉट को डॉट इन'सारख्या पत्त्यात शेपटी दोन तुकड्यांची असते, तेवढं लक्षात ठेवा. मग ती साइट कधी नोंदली ते 'हू-इज' नावाच्या मोफत शोधात बघा. 'पंचवीस वर्षांचा विश्वास' सांगणारं दुकान तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेलं निघालं की पुढचं बघायची गरज उरत नाही.

दुसरं, जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की धंद्याचं नाव फुकटात दिसतं. मी नंतर टाकून पाहिला तेव्हा 'ग्लोबल आउटडोअर' म्हणवणाऱ्या साइटवरचा क्रमांक एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. ही पाच मिनिटं मी आधी खर्च केली असती तर तीन हजार वाचले असते.

मोठ्या नावाजलेल्या साइटवर घेताय? तिथेही बघायचं ते 'विक्रेता कोण' हे बारीक अक्षरातलं नाव. या साइट म्हणजे आठवडा बाजार. जागा एकाची, टोपल्या अनेकांच्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली आणि तक्रार अधिकारी कोण हे दाखवणं बंधनकारक आहे. जिथे हे नाही, तिथे बाकी काही विचारू नका. ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तीही ताडून घ्या.

तांब्याभर पाणी आणि कपभर चहा

पार्सल आलं की फोडताना व्हिडिओ काढा. लेबल कापू नका, धुऊ नका. मग आधी आतली बाजू बघा, शिवणीवर बोट फिरवा. पट्टी सलग, सपाट, कोपऱ्यातही न सुटलेली हवी.

थेंब टाकून बघायची चाचणी सगळेच सांगतात, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नका. नव्या कोऱ्या स्वस्त कापडावरही थेंब मोत्यासारखे नाचतात, कारण वरचा लेप स्वस्त आहे. त्यापेक्षा काखेचा भाग हातात घेऊन त्याची पिशवी करा आणि तीत तांब्याभर पाणी ओता. दहा मिनिटं धरून ठेवा, मधूनमधून खालून दाबा. खरी शिवण कोरडी राहते. माझ्या जॅकेटची पिशवी दुसऱ्या मिनिटाला ठिबकायला लागली, ते थेट सुईच्या भोकांतून, एका ओळीत, वालाच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे थेंब.

वाफेसाठी कपभर उकळतं पाणी. मी चहाच ठेवला, वाया तरी जात नाही. कपावर कापडाचा एक थर ताणून धरा, त्यावर थंड स्टीलची ताटली. कापड वाफ सोडत असेल तर काही मिनिटांत ताटलीच्या खालच्या बाजूला धुकं धरतं. माझी ताटली कोरडी राहिली आणि कापडाची आतली बाजू मात्र घामेजली. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं: शिवणीतून भायरसून, बाकी सगळीकडे आतसून.

चेनबद्दल एक गैरसमज काढायला हवा. 'वायकेके लिहिलंय म्हणजे अस्सल' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. वायकेके ही १९३४ मध्ये सुरू झालेली जपानी कंपनी, तिच्या चेन खरोखर चांगल्या. पण ती तीन अक्षरं छापणं नकल करणाऱ्याला काय अवघड? आणि उलट, चांगल्या जॅकेटलाही दुसऱ्या कंपनीची चेन असू शकते. अक्षरं वाचण्यापेक्षा चेन भिजवून एका हाताने वीसदा वर-खाली करा.

आतल्या लेबलावर प्रत्येक थराच्या कापडाच्या टक्क्यांची बेरीज शंभर व्हायलाच हवी. माझ्या जॅकेटवर एकाच थराची ती ११० होती. अमेरिकेसाठी बनलेल्या कपड्यावर बहुधा 'आरएन' क्रमांक असतो. तो तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर शोधला की नोंदणी कुणाची ते कळतं. इतर देशांसाठीच्या मालावर तो बहुधा नसतो, म्हणून नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. असून भलत्याचा निघाला तर मात्र गडबड आहे.

'माल त्याच फॅक्टरीतला असतो हो!'

हा आक्षेप सगळ्यात जुना. एक्स्पोर्ट सरप्लस नावाची गोष्ट खरी आहे. तिरुप्पूर किंवा बांगलादेशात परदेशी ऑर्डरीसाठी शिवलेला, थोडा खोट असलेला किंवा जास्तीचा माल देशी बाजारात येतो. पण तो येतो तसाच: मोजके नग, तुटक साइज, कधी कापलेलं लेबल. प्रत्येक साइजचे हजारो नग वर्षभर पुरवणारं 'सरप्लस' म्हणजे आषाढात विहिरीवर पाणी विकणं.

'पण रिव्ह्यू चांगले होते.' तारखा बघा, तीन दिवसांत दोनशे पंचतारांकित मतं आली असतील तर ती माणसं एकाच खोलीत बसलेली असावीत. 'कॅश ऑन डिलिव्हरी होतं, मग धोका काय?' पैसे आधी, पार्सल फोडायचं नंतर, हाच धोका. उघडून दाखवून देण्याची सोय असेल तर मात्र नक्की घ्या.

'दोन महिन्यांचा तर पाऊस, भिजलो तर भिजलो' या आक्षेपाला मी निम्मा मान देतो. कुडाळच्या बाजारात भिजून घरी येणं आणि भाचा जिथे चालला होता तिथे चौदा हजार फुटांवर भिजणं यात फरक आहे. तिथे ओला कपडा आणि वारा मिळून अंगातली ऊब काढून घेतात. पिसांच्या नकली जॅकेटचंही तसंच. अस्सल डाउन म्हणजे बदकाच्या छातीखालची कापसासारखी मऊ पिसं. त्याऐवजी दांडीवालं पीस चिरून भरलेलं असलं की टोचतं, दाबल्यावर फुगत नाही आणि रात्री धोका देतं. मुठीत घट्ट दाबून सोडा, काही क्षणांत फुगून वर यायला हवं.

आणि आपल्या हवेत खरं तरी किती टिकतं?

इथे कंपन्यांना आवडणार नाही असं थोडं बोलतो. वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर. जुलैत आपल्याकडे हवाच ओल्या टॉवेलसारखी असते. आत आणि बाहेर यातला फरक कमी, म्हणून अठरा हजारांचं अस्सल जॅकेटही आंबोलीत धापा टाकतं. आंबोलीचा वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तो अशा जॅकेटचं विज्ञान ऐकून घेत नाही.

दुसरं, पीयूचा लेप दमटपणात कुजतो. रसायनशास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात: पाण्याची वाफ लेपाची साखळी हळूहळू तोडते. गणपतीनंतर कपाटात घडी घालून ठेवलेली छान बॅग पुढच्या मृगाला काढली की आतून चिकट होऊन पापुद्रे सुटलेले असतात, ते हेच. त्यामुळे अस्सल जॅकेटचे पापुद्रे सुटले म्हणून ते नकली ठरत नाही. घडी न घालता, वाळवून, हँगरला टांगून ठेवा.

म्हणून कोकणात नुसतं ये-जा करायला मी ब्रँडच्या नादी लागू नका असंच सांगेन. शिवण चिकटवलेला, पाठीला झडप असलेला साधा देशी रेनकोट हजार-बाराशेत मिळतो आणि तो दुसऱ्या कुणाचं नाव सांगत नाही. कोलकात्याची डकबॅकवाली बंगाल वॉटरप्रूफ १९२० मध्ये सुरू झाली आणि तिचे रबरी रेनकोट देशभर गाजले. आणि भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठवा. वरून पाणी घसरतं, खालून वारा खेळतो, घाम अडतच नाही. ही करामत आमच्या आज्जीला पानं आणि बांबूच्या कामट्यांत साधत होती.

फसलात तर

कार्डाची माहिती किंवा ओटीपी गेला असेल तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, लगेच, तासाभरात जमलं तर उत्तम. सोबत बँकेला कळवा. माल नकली आला असेल तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नकली किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'सेलमधला माल परत नाही' ही पाटी इथे चालत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

आणि ते जॅकेट 'वापरलेलं, ब्रँडेड' म्हणून ऑनलाइन विकून मोकळं व्हावं असा मोह होतो. मलाही झाला. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ मध्ये खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. तिथे विकणारा मी ठरलो असतो.

मी तक्रार करायला गेलो तोवर साइट नाहीशी झाली होती. भाच्याने ओळखीच्या ट्रेकरकडून जॅकेट उसनं नेलं. आमच्यातलं एक परवापर्यंत विहिरीवरच्या पंपावर घातलेलं होतं. तिथेही शिवणीतून गळतंय हे वायरमनने दाखवल्यावर बायकोने त्याखाली युरियाची रिकामी गोणी घातली.